तुम्हाला आठवणारा शेवटचा प्रसंग कोणता?

आपल्या मालिकेच्या वेळेवर दुसऱ्याच मालिकेचा प्रोमो दिसला की समजून घ्यायचं. मुंबईतल्या कापड गिरण्यांच्या वस्तीवरची, गिरणगावावरची ती मालिका बंद होणार हे ठाण्यातल्या प्रेक्षकांना असंच कळलं. नव्या मालिकेचा प्रोमो, खाली तारीख आणि वेळ रात्री दहाची. तोवर मालिकेला सहा महिनेही झाले नव्हते. कथेत १९८२ चा गिरणी कामगारांचा संप नुकताच सुरू झाला होता आणि आजच्या काळातलं कथानक अजून अर्ध्यावरही आलं नव्हतं.

मालिकेचं आणि वाहिनीचं नाव इथे मुद्दाम लिहिलेलं नाही. ज्यांनी पाहिली त्यांना ओळख पटेल, आणि मतं गोळा करण्याची जी पद्धत पुढे दिली आहे ती कुठल्याही बंद पडलेल्या मालिकेला चालेल. मालिकेची उडी मोठी होती एवढं मात्र सांगायला हवं. एकीकडे लालबागची चाळ, खानावळ चालवणारी आजी आणि गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणतात त्या खात्यात, काम करणारे आजोबा. दुसरीकडे त्यांचा नातू, घोडबंदर रोडवरच्या टॉवरमध्ये राहणारा, आजोबांचं बदली कार्ड (कायम नसलेल्या गिरणी कामगाराचं ओळखपत्र) सापडल्यावर त्यांचा माग काढणारा. रोजच्या मालिकेत दोन काळ समांतर चालवायचे, दोन्हींचे सेट, कपडे, भाषा वेगळी ठेवायची, आणि सासू-सुनेच्या भांडणाचा आधार घ्यायचा नाही, हे सोपं काम नव्हे. मराठीत असं वारंवार होत नाही, म्हणूनच प्रेक्षकांना काय वाटलं याची नीट नोंद व्हावी असं आम्हा पाच जणांना वाटलं. ठाणे, कळवा आणि ऐरोली एवढीच हद्द ठरवली.

पहिला प्रश्न वेळेचा असतो. प्रोमो लागल्यापासून शेवटच्या भागापर्यंत साधारण दोन-तीन आठवडे मिळतात. मतांची पहिली फेरी याच दिवसांत पुरी करायची. शेवटच्या भागानंतर त्या वेळेला नवी मालिका सुरू होते, आणि महिन्याभरात पात्रांची नावंसुद्धा लोकांच्या तोंडून गळतात. आठवण ताजी असेपर्यंतच तपशील मिळतो, नंतर उरते फक्त ‘छान होती हो’. दुसरी फेरी शेवटच्या भागानंतर पाच-सहा आठवड्यांनी घ्यायची, तीही त्याच माणसांकडे. दोन फेऱ्यांतला फरक फार बोलका असतो. पहिल्या फेरीत जे चिडलेले असतात ते दुसऱ्या फेरीत शांतपणे चुका दाखवतात, आणि जे प्रसंग दोन्ही फेऱ्यांत सांगितले जातात ते खरोखर मनात बसलेले असतात.

आमचा पहिला फॉर्म वाया गेला, तो का गेला हे सांगणं उपयोगाचं आहे. त्यात चार प्रश्न होते. मालिका आवडते का? बंद व्हावी असं वाटतं का? आवडतं पात्र कोणतं? वाहिनीला काय सांगाल? सगळे फॉर्म सारखेच आले. आवडते, बंद होऊ नये, आजी, ‘कृपया चालू ठेवा’. प्रश्नच असा विचारला की उत्तर त्यातच होतं. समोर कागद घेऊन उभ्या असलेल्या माणसाला ‘बंद झाली तर बरं’ असं कोण सांगणार? गठ्ठा जाड झाला पण त्यातून कळलं काहीच नाही.

दुसरा फॉर्म करताना आधी ठरवलं की मत शेवटी विचारायचं, पाहण्याची सवय आधी. प्रश्न नऊ ठेवले. काल भाग पाहिला का? परवा? त्याच्या आदल्या दिवशी? हे तीन प्रश्न म्हणजे खरं तर एकच प्रश्न आहे. ‘आठवड्यातून किती दिवस पाहता’ असं विचारलं की माणूस प्रामाणिकपणे ‘रोज’ म्हणतो, कारण पाहायची इच्छा रोज असते. दिवस धरून विचारलं की त्याला आठवावं लागतं: काल पाहुणे होते, परवा दुसरी पाळी होती. मग कुठे पाहिला: टीव्हीवर, मोबाइलवर, की दुसऱ्याच्या घरी. मूळ वेळेला, पुनःप्रक्षेपणात की नंतर केव्हातरी. त्या वेळेला घरात रिमोट कोणाच्या हातात असतो. मध्ये पाहणं सोडलं असेल तर साधारण कधी. आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, फॉर्मच्या मधोमध, खाली पाच रेघा मोकळ्या सोडून: तुम्हाला आठवणारा शेवटचा प्रसंग कोणता?

या एका प्रश्नाने सगळं चित्र पालटलं. ‘अप्रतिम मालिका’ असं लिहिणाऱ्या बऱ्याच जणांना पहिल्या पंधरवड्यापुढचा एकही प्रसंग सांगता आला नाही. त्यांचं मत खोटं नव्हतं. मालिका चांगली आहे, अशी मालिका असावी, असं त्यांना मनापासून वाटत होतं. पण ते ती पाहत नव्हते. आदर करणारा प्रेक्षक आणि पाहणारा प्रेक्षक हे दोन वेगळे गठ्ठे आहेत, आणि समाजमाध्यमांवर हळहळ व्यक्त करणारी बहुतेक मंडळी पहिल्या गठ्ठ्यातली असतात. महत्त्वाकांक्षी मालिकेवर ही वेळ हटकून येते, कारण तिचं कौतुक करायला ती पाहावी लागत नाही, नुसती ऐकून असली तरी पुरतं.

छपाईचं थोडक्यात. ए-फोर कागदाचे दोन भाग, दोन्ही बाजूंना मजकूर, अक्षर १४ पॉइंटपेक्षा लहान नको. चष्मा घरी राहिलेल्या माणसाला १२ पॉइंट दिसत नाही आणि तो लाजेने ‘तुम्हीच लिहा’ म्हणतो. आपण लिहिलं की भाषा आपली होते. पहिल्या फेरीला ३०० फॉर्म काढले, त्यातले शंभरेक कोरे उरले. ऑनलाइन फॉर्मही ठेवला होता, पण तिथे सरासरी चार-पाच शब्दांची उत्तरं येत होती. कागदावर तोच माणूस चार ओळी लिहितो. फॉर्मच्या खाली ‘माझं मत नावाशिवाय वापरायला हरकत नाही’ अशी चौकट असावीच. नाव आणि सोसायटी विचारायची गरज नाही, भाग आणि वयोगट पुरे.

कुठे जायचं यात आमची दुसरी चूक झाली. सुरुवात नौपाडा, घंटाळी, राम मारुती रोड अशी केली, कारण तिथे ओळखी होत्या. तिथली मतं एकाच सुरातली निघाली: भाषा सुंदर, अभिनय संयत, वाहिनीला कदर नाही. मग वर्तकनगर, लोकमान्यनगर, किसननगर, कोपरी, कळव्यातलं मनीषानगर असं फिरलो तेव्हा वेगळं ऐकू आलं. संध्याकाळी सात ते साडेदहा कोणाचंही दार वाजवायचं नाही, हा नियम तर उघडच आहे; त्या वेळात लोक मालिका पाहतात, मालिकेवर बोलत नाहीत. दुपारी चार ते साडेपाच ही वेळ घरातल्या बायकांसाठी उत्तम, मुलं क्लासला गेलेली असतात. ज्येष्ठ मंडळींसाठी कचराळी तलावावर सकाळी साडेसातनंतर, त्यांचं चालणं उरकल्यावर. चालताना थांबवलं की उत्तर तुटक येतं.

भजनी मंडळ, भिशी, कट्टा अशा ठिकाणी एकदम पंधरा-वीस माणसं भेटतात, पण तिथे एक धोका आहे. पहिली जी बाई बोलते तिचं मत सगळ्यांचं होतं. एका मंडळात पहिल्यांदा कोणीतरी ‘नातवाचं पात्र उगाच घातलंय’ म्हटलं आणि सगळ्या फॉर्मवर तेच उतरलं. पुढच्या ठिकाणी क्रम उलटा केला: आधी प्रत्येकीने एकटीने लिहायचं, फॉर्म घडी घालून डब्यात टाकायचा, मग बोलायचं. तिथे नातवाचं पात्र आवडणाऱ्या निम्म्याहून जास्त निघाल्या. घरी गेल्यावरही हेच. सासरे समोर असतील तर सून ‘आम्ही ऐतिहासिकच बघतो’ सांगते. चहा टाकायला आत गेल्यावर ती खरं काय ते सांगते. तेव्हा एका घरातून एकच फॉर्म घ्यायचा नाही, आणि दोन फॉर्म एकाच वेळी भरून घ्यायचे नाहीत.

ट्रान्स-हार्बरच्या गाडीत मात्र अशी माणसं भेटली ज्यांच्याकडे आमचं लक्षच गेलं नव्हतं. ठाणे ते वाशी अर्ध्या तासाच्या आतबाहेर. अर्ध्या तासाच्या मालिकेतून जाहिराती काढल्या तर उरतो साधारण बावीस मिनिटांचा भाग. सकाळच्या गाडीत ठाण्याला बसायला मिळालं की आदल्या रात्रीचा भाग तुर्भे-सानपाड्याच्या आसपास संपतो. महिलांच्या डब्यात कितीतरी जणी ही मालिका याच पद्धतीने पाहत होत्या, इअरफोनचं एक टोक आपल्या कानात, दुसरं मैत्रिणीच्या. त्यांना प्रसंग तपशिलाने आठवत होते, कारण त्या वेळेला हातात दुसरं काम नसतं. घरी टीव्ही समोर चालू असतो तेव्हा पोळ्या चालू असतात. रात्री दहाला या बायका जाग्या नसतात. पहाटे पाणी येतं, सहाला डबे, साडेसातची गाडी. मालिका आधी साडेआठला होती, ती दहाला नेली तेव्हा हा सगळा प्रेक्षक टीव्हीवरून मोबाइलवर गेला.

आणि इथेच गाडं अडतं. टीव्हीचे आकडे देणारी संस्था म्हणजे बार्क. तिच्या निवडक घरांत मीटर बसवलेलं असतं. वाहिनीच्या आवाजात कानाला ऐकू न येणारी एक खूण मिसळलेली असते, ती मीटर ओळखतं आणि कोणती वाहिनी चालू आहे याची नोंद होते. घरातली कोणती व्यक्ती समोर बसली आहे हे त्या व्यक्तीने रिमोटवरचं आपलं बटण दाबून कळवायचं असतं. आठवडा शनिवार ते शुक्रवार धरतात आणि आकडे पुढच्या गुरुवारी येतात. कोणत्या घरात मीटर आहे हे गुप्त ठेवलं जातं, आणि ते तसंच हवं. सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत या घरांची संख्या २०,००० पासून सुरू करून दरवर्षी १०,००० ने वाढवत ५०,००० वर न्यावी असं म्हटलं होतं. हे आकडे अख्ख्या देशासाठी आहेत. म्हणजे ज्यांच्या घरी मीटर नाही त्यांनी रोज टीव्ही लावून ठेवला काय आणि बंद ठेवला काय, आकड्यात फरक पडत नाही. ‘आपण सगळ्यांनी मिळून टीआरपी वाढवू या’ असे निरोप त्या दिवसांत खूप फिरले. त्यामागची तळमळ खरी होती, पण त्याचा उपयोग नव्हता, आणि हे लोकांना समजावून सांगण्यात आमचा बराच वेळ गेला. मोबाइलवर पाहणाऱ्यांची नोंद वाहिनीच्या अ‍ॅपकडे असते, पण रात्री दहाच्या जाहिरातीचा दर ठरतो टीव्हीच्या आकड्यावर. गाडीतला तो सगळा डबा त्या हिशेबात येत नाही.

सगळे फॉर्म जमल्यावर खरं काम सुरू झालं. मोकळ्या उत्तरांची वर्गवारी दोघांनी वेगवेगळी करायची, एकमेकांना न दाखवता, आणि मग ताडून पाहायची. एकट्याने केली की आपल्याला जे ऐकायचं असतं तेच सापडतं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले आवाजी निरोप उतरवायला एका मिनिटाला पाच-सहा मिनिटं लागतात, हे आधीच धरून चालावं. एकच मजकूर शब्दशः वेगवेगळ्या नंबरांवरून आला असेल तर तो एकदाच मोजायचा. एक लांबलचक पत्र आमच्याकडे अकरा वेळा आलं. ते सुंदर लिहिलेलं होतं, पण ते एकाच माणसाचं मत होतं.

वर्गवारीत सर्वांत जास्त भांडण झालं ते ‘संथ’ या एका शब्दावर. निम्म्या तक्रारी त्याच शब्दाच्या. सुरुवातीला दोघांनीही त्या सगळ्या एका खान्यात टाकल्या. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की लोक एकच शब्द तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात. काहींना म्हणायचं होतं की कथा पुढे सरकत नाही: संप होणार, होणार म्हणत तीन आठवडे गेले. काहींचं म्हणणं होतं की तेच प्रसंग परत दाखवतात: आजोबा भोंगा ऐकून थबकतात हे दृश्य एका आठवड्यात चार वेळा. आणि तिसऱ्यांना संथ वाटत होता तो प्रसंगाचा आतला वेग, म्हणजे संवादामधल्या शांत जागा, आजीचं नुसतं भाकरी थापणं. गंमत अशी की या तिसऱ्या गोष्टीची तक्रार करणारे जितके होते, साधारण तितकेच तिच्यासाठी मालिका पाहणारे होते. भाकरीचा तो प्रसंग ‘शेवटचा आठवणारा’ म्हणून जितक्या वेळा आला तितका दुसरा कुठलाच आला नाही. तिन्ही तक्रारी एकाच शब्दाखाली वाहिनीला पाठवल्या असत्या तर पुढच्या मालिकेतून पहिली भाकरीच गेली असती.

पहिल्या दोन तक्रारींचं कारण मालिका कशी बनते त्यात आहे. आठवड्याला सहा भाग म्हणजे सहा गुणिले बावीस, एकशे बत्तीस मिनिटांचं चित्रण. दिवाणखान्यातले प्रसंग असतील तर एक युनिट एका दिवसात जवळपास एक भाग काढतं. पण गेटवरची सभा म्हटली की माणसं जमवायची, १९८२ चे कपडे घालायचे, मागे दिसणारे आजचे खांब आणि वायरी संगणकावर पुसायच्या. दिवस जातो आणि हाती येतात पाच-सहा मिनिटं. म्हणून अशा मालिकांना चित्रित भागांची मोठी ‘बँक’ लागते. सुरुवातीला ती असते. तीन महिन्यांत ती संपते आणि मग आज चित्रित केलेलं परवा प्रक्षेपित होऊ लागतं. त्या दिवसांत कथा ताणली जाते, जुनी दृश्यं आठवण म्हणून परत येतात, संप लांबतो. ‘मध्ये पाहणं सोडलं असेल तर कधी’ या प्रश्नाची उत्तरं मांडली तेव्हा बहुतेकांनी सोडल्याचा काळ तिसऱ्या-चौथ्या महिन्यातलाच निघाला. ज्यांनी शेवटपर्यंत पाहिली त्यांनी हे सांगितलं नव्हतं, त्यांना तो काळ खटकलाच नव्हता किंवा त्यांनी तो माफ केला होता. सोडून गेलेल्यांनीच हे सांगितलं. मतं गोळा करणाऱ्याने आधी त्यांच्याकडे जावं, निष्ठावंत कुठे पळून जात नाहीत.

सोडून गेलेल्यांकडून दोन गोष्टी अशा कळल्या की त्या आम्हाला सुचल्याही नसत्या. पहिली अंधाराची. चाळीतले रात्रीचे प्रसंग कंदिलाच्या, मिणमिणत्या बल्बच्या उजेडात चित्रित केले होते. मोठ्या एचडी टीव्हीवर ते देखणे दिसत होते. पण ज्यांच्याकडे केबलवर साधी वाहिनी येते, टीव्ही जुना आहे, खोलीत ट्यूबलाइट चालू आहे, त्यांना पडद्यावर नुसता काळोख दिसत होता. किसननगरात एकीने सांगितलं, ‘आवाजावरून ओळखायचे मी, कोण बोलतंय ते.’ ती दीड महिना अशी पाहत राहिली, मग थकली. दुसरी गोष्ट काळ बदलण्याची. जुना काळ किंचित पिवळट रंगात आणि आजचा स्वच्छ रंगात, एवढीच खूण दिलेली होती. वर साल लिहिलेलं नव्हतं. सलग पाहणाऱ्याला ते पुरतं. मधले दोन भाग चुकलेल्याला नाही, आणि ज्याच्या टीव्हीचे रंगच उडालेत त्याला तर नाहीच. कोपऱ्यात ‘लालबाग, १९८१’ एवढी अक्षरं चार सेकंद दाखवली असती तर काम झालं असतं. कलात्मक संयमाचा मान ठेवूनही आमचं स्पष्ट मत आहे की रोजच्या मालिकेत ही अक्षरं हवीतच, कारण रोजचा प्रेक्षक रोज नसतो.

कळव्यात आणि लोकमान्यनगरात गिरणीत काम केलेली माणसं भेटली, आता सत्तरीपुढची. १८ जानेवारी १९८२ पासून सुरू झालेला तो संप, अडीच लाखांच्या आसपास कामगार, डॉ. दत्ता सामंतांचं नेतृत्व, आणि रीतसर मागे घेतल्याची घोषणा कधीच न झालेला शेवट. यातलं काही त्यांना मालिकेकडून कळायचं नव्हतं. गिरणी सुटल्यावर कोणी वागळे इस्टेटमध्ये लागलं, कोणी ठाणे-बेलापूर रोडवरच्या कारखान्यात, कोणी वॉचमन झालं. त्यांची मतं फॉर्ममध्ये मावत नव्हती, म्हणून त्यांच्यासाठी वेगळी वही केली. पद्धत अशी ठेवली की एक जण विचारणार, दुसरा फक्त लिहिणार, आणि लिहिलेलं शेवटी वाचून दाखवायचं. वाचून दाखवताना ते हमखास दुरुस्त्या सांगतात आणि खरा तपशील त्यातच असतो.

त्यांची मोठी हरकत एकच होती. मालिकेत साचेखात्यात माणसं नेहमीच्या आवाजात बोलतात. शेकडो माग एकाच वेळी चालू असताना शेजारच्या माणसाचं ओरडणंही ऐकू येत नाही. तिथे बोलणं हाताच्या खुणांनी आणि ओठांच्या हालचालींवरून चालतं. ‘आम्ही घरी आलो तरी मोठ्याने बोलायचो,’ एकांनी सांगितलं, ‘बायको म्हणायची, इथे काय साचे लागलेत?’ मालिकेने उलट यंत्रांचा आवाज संवादांमागे ठेवला होता, त्यामुळे वास्तवही साधलं नाही आणि टीव्हीच्या बारक्या स्पीकरवर संवादही बुडाले. खुणांनी बोलणारी माणसं दाखवली असती तर दोन्ही प्रश्न सुटले असते. आणखीही होतं: बदली कामगार रोज गेटवर उभा राहतो तो नेमका कुठे, कार्ड कोण बघतं, काम मिळालं नाही तर परत कसा येतो. खानावळीत पैसे महिन्याने द्यायचे, रोज नाही. कपाशीची पूड केसांत कशी दिसते. हे सगळं वहीची सदतीस पानं भरून आलं. तरीही याच माणसांनी मालिका शेवटपर्यंत पाहिली, चुका मोजत पाहिली, आणि बंद झाल्याचं सर्वांत खोल दुःखही त्यांनाच होतं. ‘आमचा संप दुसऱ्यांदा अर्धवट राहिला’, हे वाक्य आम्ही अहवालात पहिल्या पानावर घेतलं.

मालिका बंद केली ते बरोबरच झालं, असं म्हणणारेही होते. त्यांची मतं गाळायची नाहीत आणि शेवटच्या पानावर ढकलायची नाहीत. एका निवृत्त शिक्षिकेने लिहिलं होतं की चौथ्या महिन्यानंतरचं ताणणं पाहता आणखी वर्षभर चालली असती तर आजीच्या पात्राचंही वाटोळं झालं असतं. त्या बाईंना मालिका आमच्यापैकी कुणाहीइतकीच प्रिय होती. एकाच वेळी ‘लवकर संपली’ आणि ‘उशिरा थांबली’ ही दोन्ही मतं खरी असू शकतात.

मग पाठवण्याचा भाग. प्रेक्षकांच्या मोहिमांचे दाखले द्यायची बऱ्याच जणांना हौस असते. २००७ साली अमेरिकेत ‘जेरिको’ ही मालिका सीबीएसने बंद केली तेव्हा प्रेक्षकांनी टनावारी शेंगदाणे वाहिनीच्या कार्यालयात पाठवले होते. मालिकेच्या शेवटच्या भागातल्या ‘नट्स’ या शब्दावरून ती कल्पना निघाली. त्याने सात भागांचा दुसरा हंगाम मिळाला, तो २००८ मध्ये दाखवला गेला आणि मालिका परत बंद झाली. आमच्याकडेही भाकऱ्या पाठवाव्यात अशी सूचना आली. ती बाजूला ठेवली. तिथला हंगाम आणि आपली आठवड्याला सहा भागांची मालिका यांची जातच वेगळी. सेट एकदा उतरवला, कलाकारांच्या तारखा सुटल्या की रोजची मालिका परत उभी राहत नाही. सेट साधारण शेवटच्या चित्रीकरणानंतर लगेच उतरवतात, कारण जागेचं भाडं चालू असतं. त्यामुळे ‘परत सुरू करा’ ही मागणी आम्ही लिहिलीच नाही.

लिहिल्या त्या तीन मागण्या. सगळे भाग अ‍ॅपवर ठेवावेत, कारण बंद मालिकांचे भाग काही काळाने काढले जातात. उरलेल्या कथेचा आराखडा लेखकांना प्रसिद्ध करू द्यावा. आणि पुढे असा विषय कुणी घेतला तर तो भागांची संख्या आधी जाहीर करून, आठवड्यातून दोन दिवस, मोठ्या बँकेसह करावा. मूळ पत्र दोन पानांचं, त्याच्यामागे वर्गवारीची चार पानं, आणि कामगारांच्या वहीतून उतरवलेली वेगळी पुरवणी. पत्र दोन पानांपेक्षा मोठं झालं की ते कुणी वाचत नाही. कार्यक्रम विभागाला एक प्रत, निर्मितीसंस्थेला एक, स्पीड पोस्टने, पावत्या जपून. कलाकारांच्या घरी काही पाठवायचं नाही आणि घोडबंदरच्या सेटवर जाऊन उभं राहायचं नाही. तिथली माणसं तेरा-तेरा तास काम करत असतात आणि निर्णय त्यांच्या हातात नसतो.

तक्रार निवारणाच्या वाटेने जावं असंही काहींनी सुचवलं. केबल टीव्हीच्या २०२१ मधल्या सुधारित नियमांत वाहिनीने तक्रारीची पोच २४ तासांत आणि निर्णय १५ दिवसांत द्यायचा असतो. पण ती सोय कार्यक्रम संहितेचा, म्हणजे काय दाखवू नये याच्या नियमांचा, भंग झाला असेल तर आहे. मालिका बंद करणं हा कसलाही भंग नाही. तिथे अर्ज केला तर पोच नियमाप्रमाणे येते, समाधान वाटतं, आणि विषय तिथेच मिटतो. तो वेळ दुसऱ्या फेरीला द्यावा.

वाहिनीकडून आलं ते ठरावीक उत्तर, ‘आपल्या प्रतिसादाबद्दल आभारी आहोत’. निर्मितीसंस्थेकडून मात्र सात आठवड्यांनी लेखनाच्या बाजूचा फोन आला. अंधाराचा मुद्दा त्यांना माहीत नव्हता. संकलनाच्या खोलीत सगळे पडदे मोठे आणि चांगले असतात. चार भाग साध्या टीव्हीवर, ट्यूबलाइट लावून पाहू, असं ते म्हणाले. वर्गवारीवर फारसं बोलले नाहीत. पुरवणी मात्र त्यांनी पूर्ण वाचली होती. त्यांना एकच गोष्ट हवी होती: साचेखात्यातल्या खुणांची यादी, कोणती खूण कशासाठी. सूत तुटलं, मुकादम आला, चहा, सुट्टी. कागदावर खुणा उतरत नाहीत, त्यामुळे त्या चित्रित कराव्या लागतील. मोबाइल आडवा धरून, खिडकी हात दाखवणाऱ्याच्या मागे न ठेवता, प्रत्येक खूण दोनदा, एकदा वेगाने आणि एकदा सावकाश. कळव्यातल्या तिघांनी होकार दिला आहे. गुरुवारी दुपारी चारला जमायचं ठरलंय.